शंभराच्या शेजारचा रकाना

२ मार्च १९६२ची रात्र. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचं चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. तिथे फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स यांचा एनबीए या बास्केटबॉल लीगमधला सामना झाला. प्रेक्षक होते ४,१२४. टीव्हीचा कॅमेरा आलेला नव्हता. त्या रात्री वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेननं एकट्यानं १०० गुण केले आणि त्याची चित्रफीत आज कुणाकडेच नाही. शेवटच्या क्वार्टरचं रेडिओवरचं वर्णन तेवढं ध्वनिमुद्रित राहिलं. हातात ‘१००’ लिहिलेला कागद धरून बसलेल्या विल्टचा एक फोटो राहिला. आणि राहिला बॉक्स स्कोअर, आपल्या क्रिकेटच्या धावफलकाचा सख्खा भाऊ.

या तिन्हींत मला बॉक्स स्कोअर सगळ्यात बोलका वाटतो. गावच्या स्पर्धांमध्ये टेबलावर बसून मी पुष्कळ सामने लिहिले आहेत. आपल्याकडे वापरतात त्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या स्कोअरशीटवर दोन्ही संघांसाठी १ ते १६० आकडे छापलेले असतात. बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो गेला की ठसठशीत ठिपका. सामना संपल्यावर त्या रेघा आणि ठिपके वरून खाली वाचले, की कोण कुठे दमला आणि कुणी कधी उचल खाल्ली ते पुन्हा डोळ्यांसमोर येतं. हर्शीत वॉरियर्सनी १६९ विरुद्ध १४७ असा विजय मिळवला. आमचा कागद त्यांना पुरला नसता.

विल्टची ओळ अशी आहे: ४८ मिनिटं, ६३ पैकी ३६ बास्केट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो, २५ रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणं), २ असिस्ट (सहकाऱ्याची बास्केट घडवणारे पास), १०० गुण. एनबीएचा सामनाच ४८ मिनिटांचा, म्हणजे तो एक मिनिटही बाहेर बसला नाही. चार क्वार्टरांत त्याचे गुण २३, १८, २८ आणि ३१. दमायच्या वेळेला तो चढत गेला.

सगळ्यांचं लक्ष शेवटच्या आकड्यावर जातं. माझं बोट मात्र दरवेळी फ्री थ्रोच्या रकान्यावर थांबतं. फ्री थ्रो म्हणजे फाउल झाल्यावर पंधरा फुटांवरून, कुणीही अडवत नसताना टाकायचा चेंडू. एकेक गुणाचा मामला. सात फूट एक इंच उंचीच्या, बास्केटखाली कुणालाही न आवरणाऱ्या विल्टला इथेच घाम फुटायचा. अख्ख्या कारकिर्दीत त्याचे शंभरातले जेमतेम ५१ फ्री थ्रो आत गेले. १९६७-६८च्या हंगामात तर ३८च. १९६१-६२ हा त्याचा फ्री थ्रोचा सर्वांत चांगला हंगाम, तरी तेव्हाचा आकडाही ६१.३ टक्केच.

आता साधा हिशेब करू. ३२ फ्री थ्रो ६१.३ टक्क्यांनी टाकले असते, तर १९-२० आत गेले असते. ३६ बास्केटचे ७२ गुण त्यात मिळवले, की होतात सुमारे ९२. तोही थोर पराक्रमच ठरला असता, पण शंभर नव्हे. वरचे आठ गुण आले ते त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेवरून.

त्या हंगामात विल्ट फ्री थ्रो अंडरआर्म टाकायचा. दोन्ही हातांत चेंडू, गुडघ्यांतून थोडं वाकायचं आणि खालून वर अलगद सोडून द्यायचा. पद्धत उत्तम होती. रिक बॅरी या खेळाडूनं पुढे याच तऱ्हेनं शंभरात जवळपास नव्वद फ्री थ्रो घालून दाखवले. विल्टनं मात्र ती सोडून दिली. लोकांसमोर तसं टाकायची लाज वाटायची, हे त्यानंच नंतर आत्मचरित्रात कबूल केलं. ३२ पैकी २८ हा आकडा वाचताना मला म्हणूनच हळहळ वाटते. उपाय त्याच्या हातात होता.

उरलेल्या ओळीही वाचाव्यात. संघाच्या ११५ प्रयत्नांपैकी ६३ एकट्या विल्टचे. बाकीच्यांचे ५२ आणि त्यांतले २७ आत. म्हणजे सहकाऱ्यांचा नेमही निम्म्याहून चांगला होता. अल ॲटल्सनं तर आठही प्रयत्न आणि एकुलता एक फ्री थ्रो आत घातला. १७ गुण, एकही चूक नाही. आयुष्यातल्या अशा सामन्याच्या रात्रीच शेजारी कुणी शंभर करावेत! गाय रॉजर्सची ओळ तर गोष्टच सांगते: बास्केट फक्त एक, पण असिस्ट २० आणि फ्री थ्रो १२ पैकी ९. विल्टपर्यंत चेंडू पोहोचवणारा हात कुणाचा, ते असिस्टच्या रकान्यात दिसतं. आणि विल्टकडे चेंडू जाऊ नये म्हणून निक्सनी शेवटी इतरांवर मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली होती, त्याची सावली फ्री थ्रोवर पडली आहे. विल्टला रोखायची जबाबदारी निक्सच्या डॅरल इमहॉफवर होती. त्याच्या नावापुढे मिनिटं २० आणि फाउल सहा, म्हणजे तो बाद.

कागदावर नसलेलंही बरंच आहे. विल्टनं किती फेकी हवेतच अडवल्या, कुणी किती चेंडू हिसकावले, ते कळायला मार्ग नाही. एनबीएनं ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४पासून. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेघही १९७९-८०ची. २२ जानेवारी २००६ रोजी कोबी ब्रायंटनं टोरंटोविरुद्ध ८१ गुण केले, तेव्हा त्यांत तीन गुणांच्या सात बास्केट होत्या. विल्टचे सगळे गुण दोन-दोन आणि एक-एक करून जमलेले आहेत.

हे सारं टिपणारे हार्वी पोलॅक. त्या रात्री संघाची प्रसिद्धी, आकडेवारी आणि वृत्तसंस्थांना बातमी पाठवणं ही सगळी कामं ते करत होते. फोटोतल्या कागदावरचा ‘१००’ त्यांच्याच हातचा.

आणि वॉरियर्सच्या यादीत खाली जो रुक्लिक आहे. आठ मिनिटं, एक प्रयत्न हुकलेला, दोन फ्री थ्रो हुकलेले, गुण शून्य. सामना संपायला ४६ सेकंद उरली असताना चेंडू त्याच्या हातात आला. समोर सोपी बास्केट होती. ती सोडून त्यानं चेंडू विल्टकडे दिला आणि शंभर झाले. मैदानात लोक घुसत असताना रुक्लिक धावला तो स्कोअररच्या टेबलाकडे, आपला असिस्ट लिहिलाय ना ते बघायला. लिहिला होता. असिस्ट: १.