सोमवारी दुपारी तीन वाजता हिशेब मागायला चला

"आपण गरीब माणसं, आपण कुठे कर भरतो? मग सरकारला जाब कोणत्या तोंडाने विचारायचा?" असे आपल्या वस्त्यांतून नेहमी ऐकायला मिळते. हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाकला पाहिजे. साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, पायातली चप्पल, मोबाइलचा रिचार्ज, यांतल्या प्रत्येक खरेदीत १ जुलै २०१७ पासून जीएसटी भरला जातो. भाड्याच्या खोलीत राहणारा बिगारी कामगारसुद्धा जे भाडे देतो, त्यातूनच घरमालक महानगरपालिकेचा मिळकतकर भरतो. तेव्हा 'सरकारचा पैसा' म्हणून वेगळा पैसा नसतोच. तो आपला पैसा आहे, आणि ज्याचा पैसा त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

हा विचार आपल्याला नवा नाही. याच पुणे शहराच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे सभासद होते. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मत एकच पडले, प्रस्ताव मंजूर झाला, पण सार्वजनिक पैसा कोणासाठी आहे हा प्रश्न पुण्याच्या सभागृहात कायमचा नोंदला गेला.

महाडचेही तसेच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशी सर्व ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून स्वतःचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला आणि तळे बंदच राहिले. तो कागद प्रत्यक्षात उतरवण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सरकारने ठराव केला म्हणजे काम झाले असे नव्हे, तो अमलात आला की नाही हे लोकांनी जाऊन पाहावे लागते. महाडच्या लढ्याचा हाही एक धडा आहे.

राज्यघटना तयार होत असताना महालेखापालाच्या कलमावर ३० मे १९४९ रोजी घटना समितीत चर्चा झाली. सरकारी खर्चाची तपासणी करणारा हा अधिकारी घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत बाबासाहेबांनी त्या वेळी मांडले. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित हिशेब तपासनिसाला एवढे मोल देतो, यावरून आपण काय ते समजावे.

पुण्यातून गेलेला पहिला अर्ज

महालेखापाल दिल्ली-मुंबईचे हिशेब तपासतो. आपल्या गल्लीतल्या ड्रेनेजचा हिशेब कोण तपासणार? त्यासाठी माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्राने २००२ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला होता. नंतर संपूर्ण देशासाठी २००५ चा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी तो पूर्णपणे लागू झाला. त्याच दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात शाहिद रझा बर्नी यांनी अर्ज दिला. तो या कायद्याखालचा देशातला पहिला अर्ज मानला जातो.

अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. उत्तर न आल्यास तीस दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, आणि तेथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येते. सबळ कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

मात्र अर्ज लिहिण्याची एक पद्धत आहे. "आमच्या गल्लीतले ड्रेनेज सारखे का तुंबते?" असे विचारले तर उत्तर येते, 'माहिती उपलब्ध नाही'. कारण कायद्याने माणूस कागद मागू शकतो, खुलासा नव्हे. म्हणून प्रश्न विचारू नका, कागदाची प्रत मागा. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, असा महाराष्ट्राचा नियम आहे.

अर्जसुद्धा नको असेल तर त्याहून सोपी वाट आहे. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे संविधान दिनीच, राज्य सरकारने परिपत्रक काढले. जिल्हास्तरावरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. ही प्रथा पुणे महानगरपालिकेत त्याआधीच सुरू झालेली होती. इथल्या जागरूक नागरिकांनी ती लावून धरली आणि मग ती राज्यभर गेली.

कोणता कागद पाहायचा?

आम्ही स्वतः टेबलापलीकडे बसून कारकुनी करणारे आहोत. त्यामुळे एवढे सांगू शकतो की कोणतेही सार्वजनिक काम म्हणजे चार-पाच कागदांची साखळी असते. पहिला कागद पूर्वगणनपत्रक, म्हणजे एस्टिमेट. काय करायचे आणि किती खर्च येईल, ते त्यात असते. दुसरा कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. ठेकेदार कोण, मुदत किती, ते त्यात. तिसरी मोजमाप पुस्तिका, जिला सगळे 'एम. बी.' म्हणतात. प्रत्यक्षात किती मीटर काम झाले ते अभियंत्याने त्यात लिहून सही केलेली असते. चौथे बिल आणि पाचवा काम पूर्ण झाल्याचा दाखला. याशिवाय दोषदायित्व कालावधी विचारायला विसरू नका. त्या मुदतीत काम खराब झाले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते, आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव कार्यालयाकडे अडकलेली असते.

या सगळ्यांत एम. बी. सर्वांत बोलका कागद. आमच्या वस्तीतल्या एका ड्रेनेजच्या कामाची फाईल आम्ही पाच जणांनी, त्यात दोन भगिनी, अशीच पाहिली. एम. बी.तले मीटर वहीत उतरवले, चेंबर किती ते लिहिले आणि दुसऱ्या दिवशी शिंप्याकडची टेप घेऊन गल्ली मोजली. कागदावरची लाईन गल्लीपेक्षा लांब निघाली! आरडाओरडा केला नाही, कोणाला चोर म्हटले नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून, सर्वांच्या सह्या करून निवेदन दिले आणि पोच घेतली. ठेव सुटायच्या आत राहिलेला तुकडा टाकून मिळाला. मोर्चाने जे दोन वर्षांत झाले नव्हते ते शिंप्याच्या टेपने झाले.

दाखले आणि रेशन

कामांप्रमाणेच सेवांचेही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा असे दाखले ठरलेल्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याने द्यायचे, याचा फलक कार्यालयात लावलेला असला पाहिजे. अर्जाची पोच मागून घ्या. उशीर झाल्यास दोन अपिले खात्यातच आणि तिसरे आयोगाकडे करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आणखी एक कायदा फारसा कोणाला माहीत नाही. २००५ च्या दफ्तर दिरंगाई प्रतिबंधाच्या कायद्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. "साहेब रजेवर आहेत" हे उत्तर महिनाभर चालत नाही.

रेशनचे काम बहुतेक घरांत माता-भगिनी पाहतात, म्हणून त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. याच कायद्यात रेशन व्यवस्थेची दफ्तरे लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावीत, दक्षता समित्या असाव्यात आणि दुकानांचे सामाजिक अंकेक्षण व्हावे, असे लिहिले आहे. चार बायकांनी मिळून 'दक्षता समितीत कोण कोण आहे, तिची बैठक कधी झाली?' एवढ्याच कागदाची मागणी केली तरी दुकानदाराचा काटा सरळ होतो.

आपल्या वाट्याचे काय?

अनुसूचित जाती उपयोजनेचा, म्हणजे पूर्वीच्या विशेष घटक योजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्यासाठी बाजूला काढायचा असतो. तो दुसरीकडे वळवला जातो ही जुनी तक्रार आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वर्ग झाले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा अनुसूचित जातींच्या भगिनींनाच मिळणार आहे, असे सरकारकडून सांगण्यात आले. दोन्ही बाजू ऐकून आमचा प्रश्न एवढाच आहे, की त्यामुळे वसतिगृहाचे, शिष्यवृत्तीचे, वस्ती सुधारणेचे कोणते काम थांबले, त्याची यादी कुठे आहे? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने या निधीसाठी २०१३ मध्येच कायदे केले. आपल्याकडेही तशी मागणी कागद आणि आकडे हातात घेऊनच करावी लागेल.

एकट्याने जाऊ नका

हे काम फुलांची वाट नाही. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे जमिनींचे व्यवहार उघड करणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की अर्ज दोघा-तिघांच्या नावाने करा, कागद सर्वांच्या घरी ठेवा, मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा. जे दहा जणांना माहीत आहे त्यासाठी एकाला धमकावून उपयोग होत नाही. आणि या कामाचा धंदा कोणी करत असेल, ठेकेदाराला भेटून अर्ज मागे घेत असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी दूर करा. त्याच्यामुळे प्रामाणिक माणसाचा अर्जही संशयाने पाहिला जातो.

कायद्याची धारही बोथट होत आहे. आयोगाकडे अपिले लांबत राहतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. 'ही व्यक्तिगत माहिती आहे' असे म्हणून नकार देणे आता सोपे झाले आहे. परंतु व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, ही त्याच कलमातली तरतूद शिल्लक आहे. अर्जात ते जनहित स्पष्ट लिहावे.

मार्च २०२२ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. दार ठोठवायला नगरसेवक नव्हता. त्या काळातही ज्यांना कागद वाचता येत होता त्यांची कामे हलली.

आपल्या प्रत्येक वस्तीत आज बी.कॉम., बी.ए. झालेली मुले-मुली आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना तर हा जिवंत अभ्यास आहे. विहारात, समाजमंदिरात एक जाड वही ठेवावी. वस्तीत कोणते काम कधी सुरू झाले, फलकावर रक्कम किती होती, कोणता अर्ज केव्हा दिला, पोच क्रमांक काय, हे तारीखवार लिहावे. महिन्यातून एका सोमवारी चौघांनी अर्धी रजा टाकून तीनच्या आत कार्यालय गाठावे. सोबत वही, पेन, ओळखपत्र आणि घरातला टेप न्यावा. सुरुवात आपल्या दारासमोरच्या कामापासून करावी.