कंपनीचा नसलेला अभियंता

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात वीज म्हटली की दोन माणसे आठवतात : मीटरचे रीडिंग घेणारा आणि खांबावर चढणारा लाइनमन. दोघेही महावितरणचे. तिसरा माणूस राज्य सरकारचा असतो. तो विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयातून येतो, आणि सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंतच्या बहुतेक घरांना असे कोणी असते हेच ठाऊक नसते. वीज अधिनियम 2003 च्या कलम 162 प्रमाणे सरकार त्याची नेमणूक करते. त्याआधी 1910 च्या वीज कायद्याच्या कलम 36 मध्येही हे पद होते. वीज विकणारा आणि वीज सुरक्षित आहे की नाही हे ठरवणारा एकच नसावा, एवढे शहाणपण शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात होते. छत्रपती संभाजीनगरने त्याची परीक्षाही पाहिली आहे. 2011 मध्ये शहराचे वीजवितरण फ्रँचायझी म्हणून जीटीएल या खासगी कंपनीकडे गेले आणि 2014 मध्ये ते महावितरणकडे परत आले. बिलावरचे नाव बदलले, तक्रारीची खिडकी बदलली. निरीक्षक मात्र आधीही सरकारचा होता, नंतरही सरकारचाच राहिला.

नवा अभियंता या खात्यात येतो तो निरीक्षक म्हणून नव्हे. केंद्राच्या 2006 च्या नियमांप्रमाणे निरीक्षक व्हायला पदवीबरोबर प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो, म्हणून सुरुवातीची वर्षे वरिष्ठांच्या हाताखाली, नकाशे आणि चाचणी अहवाल तपासण्यात जातात. ज्याला खात्याच्या भाषेत ‘संच मांडणी’ म्हणतात, ती रोहित्रापासून पॅनलपर्यंतची सगळी जोडणी त्याला पाहावी लागते. मेगरने इन्सुलेशन तपासायचे, अर्थिंगचा रोध मोजायचा, रोहित्राभोवती कुंपण आणि मोकळी जागा आहे का ते पाहायचे, काम परवानाधारक ठेकेदाराने केले की कोणा ओळखीच्या वायरमनने, हे कागदावरून ताडायचे. अपार्टमेंटच्या लिफ्टचा परवानाही याच खात्याकडून घ्यावा लागतो. आधी 1939 चा उद्वाहन कायदा होता, आता 2017 चा आहे. शिवाय प्रत्येक वीजबिलात ‘वीज शुल्क’ नावाची ओळ असते, घरगुती ग्राहकाला 16 टक्क्यांची. तो पैसा सरकारी तिजोरीत नीट जमा होतो का, हे पाहण्याचे कामही याच खात्याच्या गळ्यात आहे. सुरक्षा आणि वसुली एकाच टेबलावर आली की वसुलीची फाइल आधी हलते, हा सरकारी कचेऱ्यांचा जुना स्वभाव आहे, आणि तो या खात्यालाच तेवढा चुकला असेल असे मानण्याचे कारण नाही.

या पदाची खरी किंमत अपघाताच्या दिवशी कळते. कलम 161 खाली विजेच्या अपघाताची खबर निरीक्षकाला द्यावी लागते. 2005 च्या नियमांनी त्यासाठी मुदत घातली : 24 तासांत फोनने किंवा तशाच जलद मार्गाने खबर, 48 तासांत ठरलेल्या नमुन्यात लेखी अहवाल. पोलिसांचा पंचनामा माणूस कशाने गेला ते सांगतो. निरीक्षकाचा प्रश्न वेगळा असतो : प्रवाह जिथे असायला नको होता तिथे कसा आला, आणि आल्यावर तो तोडणारे साधन का चालले नाही? फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली होती का? डीपीचे दार उघडे होते का? खांबाचे अर्थिंग गंजून तुटले होते का? याची उत्तरे फार काळ टिकत नाहीत. वस्ती अंधारात ठेवता येत नाही, म्हणून लाइनमन तुटलेली तार जोडतो आणि जळालेला फ्यूज बदलतो. त्यात लबाडी असतेच असे नाही, पण पुरावा जातो. म्हणून निरीक्षकाच्या कार्यालयातून आधी पोचलेल्या कनिष्ठ अभियंत्याने काय मोजले, कोणता फोटो काढला, कोणाचा जबाब घेतला, यावर नंतरची नुकसानभरपाई आणि जबाबदारी उभी राहते. ज्या कंपनीची तार तुटली, तिच्याच अभियंत्याने हे लिहायचे म्हटले तर त्या कागदावर मृताच्या घरच्यांनी विश्वास का ठेवावा?

यावर पहिला आक्षेप उद्योजकांचा. निरीक्षक म्हणजे चहापाणी, अडवणूक आणि अडकलेली फाइल, असे ते म्हणतात, आणि ही तक्रार हवेतून आलेली नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांनी त्यावर तोडगा काढला : सरकार ठरवील त्या विद्युत दाबापर्यंत मालकाने किंवा पुरवठादाराने स्वतःच तपासणी करून स्वयंप्रमाणपत्र द्यावे. 2023 च्या नियमांनीही हीच वाट धरली. कारखान्याकडे पगारी विद्युत अभियंता असतो, आणि यंत्र बंद पडले तर मालकाचेच नुकसान होते, त्यामुळे तिथे हे काही अंशी चालते. पण गारखेड्यातल्या तीन मजली घराच्या मालकाला स्वयंप्रमाणपत्र म्हणजे काय हे कोण सांगणार? तो भरवसा ठेवतो वायरमनवर, आणि वायरमन बिल्डरवर. म्हणजे ज्या दाबाच्या वायरिंगला सामान्य माणसाचा हात रोज लागतो, नेमकी तीच तपासणीच्या कक्षेबाहेर गेली. अडवणुकीवर इलाज हवाच, पण तो तपासणी अहवाल लोकांसमोर ठेवण्याचा असावा. तपासणीच काढून टाकली की लाच थांबते हे खरे, तपासणीही थांबते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लोक स्वतःच तारेखाली घर बांधतात, मग निरीक्षक काय करणार? पुंडलिकनगरसारख्या गुंठेवारी वस्त्यांत हा प्रश्न टाळता येत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये आला, पण कायद्याने प्लॉट नियमित होतो, तारेपासूनचे अंतर नाही. 11 केव्हीची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान 1.2 मीटर आणि उभी 3.7 मीटर दूर हवी. दीड खोलीचे घर दुमजली झाले, वर गॅलरी बाहेर काढली, की हे अंतर संपते. मग स्लॅबसाठी वर चढवलेली सळई तारेला टेकते. दोष घरमालकाचा आहेच. पण नियमांत एक कलम असे आहे की, तारेजवळ नवे बांधकाम किंवा वाढीव मजला काढणाऱ्याने पुरवठादाराला आणि विद्युत निरीक्षकाला आधी लेखी कळवावे, म्हणजे खर्च ठरवून तार हलवता येते. हे कलम वापरात असते तर निरीक्षक सळई टेकण्याआधी त्या गच्चीवर आला असता. आज तो नंतर येतो. गुंठेवारीची फाइल मंजूर करताना महापालिकेने तारेच्या अंतराचा दाखला मागितला, तर या कामाला नवा कायदा लागणार नाही. माणसे मात्र लागतील, आणि ती सरकारला द्यावीच लागतील.

या खात्याचे आणखी एक काम लोकांना माहीत नाही. अनधिकृत वापराचा ठपका ठेवून कलम 126 खाली वीज कंपनीने भले मोठे बिल काढले, तर कलम 127 प्रमाणे त्यावर 30 दिवसांत अपील करता येते, आणि महाराष्ट्रात ते विद्युत निरीक्षकापुढे चालते. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. छोट्या दुकानदाराला ही अट जाचक आहे, तिच्यावर वेगळे बोलले पाहिजे. तरीही कंपनीने लावलेला ठपका कंपनीबाहेरचा अभियंता तपासतो, ही सोय सोडून देण्यासारखी नाही.

गारखेड्यात कोणी यंदा वरचा मजला चढवणार असेल आणि गच्चीजवळून तार जात असेल, तर सेंट्रिंग लावण्याआधी दोन अर्ज लिहावेत : एक महावितरणला, दुसरा विद्युत निरीक्षकाला. आणि दोन्हींच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक मागून घ्यावा.