परभणीहून क्रूझला

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझमुळे समुद्रावरची सुट्टी मराठवाड्यातल्या जोडप्यांच्या आवाक्यात आली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुरू केले आणि रेल्वेची तिकिटे विकणाऱ्या आयआरसीटीसीकडेच त्याचे बुकिंगही मिळू लागले. त्याआधी २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावली होती, २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली होती. दोन्हींचा मुक्काम थोडक्यात आटोपला.

परभणी जिल्ह्यात मोठे पाणी म्हणजे पाथरी-गंगाखेडकडची गोदावरी आणि जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण. बंदर गाठणे मात्र वाटते तितके अवघड नाही. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी सीएसएमटी येते आणि तिथून बॅलार्ड पियर टॅक्सीने अगदी जवळ आहे. मीटरगेजच्या काळात याच प्रवासाला मनमाडला गाडी बदलावी लागे. तरीही जहाज सुटायच्या दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीवर विसंबू नये. गाडी रखडली तरी जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि चुकलेल्या फेरीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे टेकणे केव्हाही बरे.

‘एम्प्रेस’ हे जहाज नवे नाही. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत ते १९९० मध्ये बांधले गेले आणि रॉयल कॅरिबियन कंपनीकडे ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते चालले. लांबी सुमारे २११ मीटर, ग्रॉस टनेज ४८,५६३. हा आकडा वाचून जहाजाचे वजन तेवढे टन असेल असे वाटते, पण ग्रॉस टनेज हे वजन नव्हेच. जहाजाच्या आत बंदिस्त असलेल्या एकूण जागेवरून ते काढतात. जगातल्या मोठ्या क्रूझपुढे हे जहाज मध्यमच म्हणावे लागेल. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची लांबी ३६५ मीटर आहे आणि तिचे ग्रॉस टनेज ‘एम्प्रेस’च्या पाचपट. पण पहिल्यांदा धक्क्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला या तुलनेचा काही उपयोग नाही. त्याच्यासमोर अकरा मजली इमारत पाण्यात उभी असते.

भाडे समजून घेण्यासारखे आहे. ते माणशी सांगितले जाते, पण एका केबिनमध्ये दोघे राहणार हे धरूनच. म्हणून क्रूझचा हिशेब मुळात जोडप्याला सोयीचा आहे. एकट्याने जायचे तर जवळपास दोघांचे पैसे पडतात. जाहिरातीतला आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि त्याच्यावर पोर्ट चार्ज, ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरवर्गाची ठरावीक बक्षिसी, आणि जीएसटी चढतो. जेवणखाण, पोहण्याचा तलाव, बहुतेक करमणूक भाड्यात येते. दारू, इंटरनेट, स्पा, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. बोर्डिंगच्या वेळी मिळणारे कार्ड हीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि त्यावरच उधारी. खिशातून नोट जात नसल्यामुळे खर्च जाणवत नाही. हे कंपन्यांना चांगलेच ठाऊक असते. रोज संध्याकाळी काउंटरवर जाऊन बिल पाहून घेण्याची सवय त्यावर उत्तम उपाय.

केबिनचे प्रकार मुख्यतः तीन: खिडकी नसलेली आतली, बंद काचेची समुद्राकडची, आणि बाल्कनीची. आतली सर्वांत स्वस्त. साधारण सव्वाशे चौरस फुटांत पलंग, कपाट, आरसा आणि एक माणूस जेमतेम वळेल एवढे न्हाणीघर बसवलेले असते. दिवा घालवला की दिवस आहे की रात्र हे कळत नाही. दोन रात्रींच्या फेरीला ती पुरते, कारण केबिनमध्ये झोपण्यापुरतेच जाणे होते. पाच रात्रींसाठी जायचे असेल, किंवा निवृत्तीनंतर निवांत बसून पाणी पाहण्यासाठीच जोडपे निघाले असेल, तर बाल्कनीचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

बंदरावर विमानतळासारखीच तपासणी होते. देशांतर्गत फेरीला आधारसारखे ओळखपत्र चालते, श्रीलंकेच्या फेरीला पासपोर्ट लागतो. सामानाला केबिन क्रमांकाची चिठ्ठी लावून ते धक्क्यावरच सोपवायचे; पुढे ते दारापाशी येऊन पडते. प्रवासासाठी बांधून घेतलेल्या दशम्या-धपाटे मात्र जहाजावर नेता येत नाहीत, कारण बाहेरचे शिजवलेले अन्न सहसा चालत नाही. ते देवगिरीतच संपवावेत.

जहाज सुटण्याच्या सुमारास सात आखूड आणि एक लांब भोंगा होतो. तो आणीबाणीच्या कवायतीचा इशारा असतो, आणि ही कवायत चुकवून चालत नाही. प्रत्येकाने आपल्याला नेमून दिलेल्या जागी जमायचे असते. तिथे कर्मचारी हजेरी घेतात, लाइफ जॅकेट कसे अडकवायचे ते दाखवतात आणि आपली जीवरक्षक बोट कोणती ते सांगतात. हा नियम जहाजांच्या सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारातून आला. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये या कराराची पहिली आवृत्ती झाली. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले आणि ३२ जण दगावले. आदल्या बंदरांवर चढलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कवायत झाली होती, पण त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची व्हायची होती. त्यानंतर कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी असा बदल झाला.

एवढ्या लोकांना पाणी कुठून येते, हा टँकरची सवय असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न. काही पाणी बंदरावर भरून घेतात. उरलेले समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून जहाजावरच तयार होते. त्यासाठी एक तर इंजिनाच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करतात, नाहीतर आरओच्या पडद्यातून पाणी दाबाने ढकलतात. वीजही जहाजाचीच. खालच्या डेकवर जनित्रे अखंड चालू असतात आणि त्यांची बारीक थरथर रात्री उशीवर डोके टेकल्यावर जाणवते.

गाडी लागते तशी बोटही लागते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हालचाल नोंदवतो आणि डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. मोठ्या जहाजांच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डावी-उजवीकडचे डोलणे बरेच कमी करतात. पुढे-मागे होणारे हेलकावे त्यांना आवरत नाहीत. ज्यांना घाटात त्रास होतो त्यांनी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन मागावी. गोळी डॉक्टरांना विचारून त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. डेकवर उभे राहून क्षितिजाकडे पाहिल्यानेही बरे वाटते. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. काही फोन आपोआप जहाजावरच्या महागड्या उपग्रह नेटवर्कला जोडले जातात, म्हणून एअरप्लेन मोड लावणे शहाणपणाचे.

गोव्याला जहाज पणजीला न लागता मुरगावला लागते. कोळसा आणि खनिज हाताळणारे हे बंदर, त्यामुळे गोव्याचे पहिले दर्शन पोस्टकार्डातल्यासारखे नसते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. जुन्या गोव्यातली चर्च आणि एखादा किनारा पाहून ठरलेल्या वेळी परतायचे, एवढेच एका दिवसात जमते. लक्षद्वीपला मोठे जहाज उथळ पाण्यामुळे बाहेरच नांगर टाकते आणि प्रवासी लहान बोटींतून बेटावर जातात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्द होते. कप्तानाला तो अधिकार असतो आणि तिकिटाच्या अटींत तसे लिहिलेले असते. त्या कुणी वाचत नाही, एवढेच.

अरबी समुद्रात पावसाळ्यात या फेऱ्या चालत नाहीत. त्या महिन्यांत ‘एम्प्रेस’ चेन्नईकडे गेले आहे. जून २०२३ मध्ये तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुंबईचा हंगाम ढोबळमानाने दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. शेतीवाल्या कुटुंबाला कापूस-सोयाबीन घरात आल्यानंतरचे दिवस त्यात सापडतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि ३१ डिसेंबरच्या आसपास भाडे चढते, जानेवारीतल्या आडवारी ते उतरते.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात, म्हणून सकाळचे कपडे आणि औषधे हातातल्या पिशवीत राहू द्यावीत. सकाळी बिल चुकते करून धक्क्यावर उतरायचे. परभणीला जाणारी देवगिरी सीएसएमटीहून रात्री सुटते. दिवसभरासाठी सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येते.