गोड-तिखट बेकन : आधी पाणी, मग रंग

अमेरिकेत न्याहारीला अंड्यांबरोबर बेकन खाण्याची रीत जुनी आहे. डुकराच्या पोटाकडील चरबीयुक्त मांस मीठ व अल्प सोडियम नायट्राइट लावून मुरवतात, त्याला धुरी देतात आणि पातळ पट्ट्या कापतात, हेच बेकन. या पट्ट्यांवर तपकिरी साखर, लाल तिखट व मिरपूड भुरभुरून त्या ओव्हनमध्ये भाजण्याचा एक घरगुती प्रकार तिकडे आवडीने केला जातो. कृती सोपी आहे. ओव्हन सुमारे १७५° सें. पर्यंत तापवावा, ट्रेमध्ये तारेची जाळी ठेवून तिच्यावर पट्ट्या मांडाव्यात, अर्धा तास भाजाव्यात आणि जाळीवरच निवू द्याव्यात. तरीही पट्ट्या कधी चिवट राहतात, तर कधी करपतात. असे का होते?

पहिला मुद्दा पाण्याचा. मीठ व साखर मांसातील पाणी बाहेर ओढतात आणि त्यात साखर विरघळून पाक होतो. जोवर भरपूर पाणी आहे, तोवर ओव्हन कितीही तापला तरी पाकाचे तापमान १००° सें. च्या फारसे वर जात नाही; सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी कमी होत जाते तसा पाकाचा उत्कलनबिंदू वाढतो. १५०° सें. च्या सुमारास पाकात जेमतेम एक टक्का पाणी उरते. म्हणजे पाकाचे तापमान हे उरलेल्या पाण्याचे मापच होय. आपल्याकडे चिक्की करणारे पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो कडक होऊन तुटतो का हे पाहतात, तेव्हा ते हेच मापत असतात.

पाणी गेल्यावर रंग येऊ लागतो. तो दोन वाटांनी येतो. एक वाट केवळ साखरेची. सुमारे १६०° सें. च्या पुढे साखरेचे रेणू फुटून कॅरॅमल बनते. दुसरी वाट साखर आणि प्रथिने यांच्या भेटीची. प्रथिनांतील अमायनो गट ग्लुकोजसारख्या क्षपणकारी शर्करांशी संयोग पावतात आणि त्यातून शेकडो खमंग संयुगे तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले. इंग्रजी वळणाने तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. ती कॅरॅमलहून कमी तापमानालाही चालते. खवा आटवताना येणारा रंग व वास पुष्कळसा तिच्यामुळेच असतो. साधी साखर क्षपणकारी नसते. तपकिरी साखरेतील काकवीत मात्र थोडे ग्लुकोज व फ्रुक्टोज असते, म्हणून ती इथे अधिक उपयोगी पडते.

मग तव्याऐवजी ओव्हन का? तव्याचा धातू सहज २००° सें. च्या वर जातो. त्याला टेकलेली साखर जळते आणि मांस मात्र ओलेच राहते. ओव्हनमधील गरम हवा धातूपेक्षा सावकाश उष्णता देते. जाळीमुळे ती दोन्ही बाजूंनी फिरते आणि वितळलेली चरबी खाली ठिबकते.

भाजून झालेली पट्टी गरम असताना लवचीक असते. निवताना पाक घट्ट होतो, पण त्याचे स्फटिक बनत नाहीत. काचेसारखा अस्फटिकी थर जमतो. कुरकुरीतपणा या थरामुळे येतो. म्हणून ‘अजून मऊच आहे’ असे समजून भाजत राहिले की पट्टी करपते.

तिखटातील कॅपसेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत सहज विरघळते. त्यामुळे ते पट्टीभर पसरते. जिभेवरील ज्या ग्राहीला ते चिकटते, तोच सुमारे ४३° सें. च्या वरील उष्णतेनेही जागा होतो. हा ग्राही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ओळखला. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

करपण्याचा प्रश्न केवळ चवीचा नाही. नायट्राइटमुळे बेकनला गुलाबी रंग येतो आणि बोट्युलिझमच्या घातक जिवाणूंना आळा बसतो. मात्र तीव्र उष्णतेत त्यापासून कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स बनू शकतात. म्हणून १९७८ मध्ये अमेरिकेने बेकनमधील नायट्राइटवर मर्यादा घातली आणि क जीवनसत्त्वाच्या जातीचे संयुग मिसळणे आवश्यक केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समावेश केला. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नव्हे. तरी असा पदार्थ क्वचित आणि न करपवता खावा, हे उघड आहे.

वर्गात यासाठी मांसाची गरज नाही. दोन वाट्यांत प्रत्येकी चमचाभर ग्लुकोज व थोडे पाणी घ्यावे, एकीत चिमूटभर दुधाची पावडर घालावी आणि दोन्ही मंद आचेवर तापवाव्यात. तापलेला पाक त्वचेला चिकटून खोल भाजतो, म्हणून हे काम शिक्षकांनीच करावे. कोणती वाटी आधी तपकिरी होते, वास सारखाच येतो का आणि रंग पाणी आटण्यापूर्वी येतो की नंतर, याची नोंद विद्यार्थ्यांना करू द्यावी.