वामनदादांच्या गाण्याचं बेणं शुद्ध ठेवा



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल लिहितो. या वेळी विषय गाण्याचा आहे. पण पुढे वाचाल तेव्हा ध्यानात येईल की, हा मामलाही बेण्याचाच आहे.

लागणीच्या नोंदी घेताना आम्ही एका वयस्कर सभासदांच्या वस्तीवर थांबलो होतो. चहा होईपर्यंत बाबांनी फडताळातून एक जुनी वही काढली. तरुणपणी ते गायन पार्टीत कोरसला होते. वहीत जयंतीला म्हटलेली गाणी होती. निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. बऱ्याच गाण्यांच्या डोक्यावर नातवानं ‘पारंपरिक’ असं लिहून ठेवलेलं. आम्ही शेवटची कडवी वाचली, तर एकामागून एक गाण्यात ‘वामन’ हे नाव! म्हणजे गाणी वामनदादा कर्डकांची, आणि वर नाव कुणाचंच नाही. बाबा म्हणाले, “सायेब, आम्हाला ठावं हाय. पोरास्नी कोन सांगनार?”

तेच सांगण्यासाठी हा लेख.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. घरची गरिबी, शाळा नाही. पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत काम केलं, कोळसा वाहिला, पडेल ते कष्ट केले. शिवडीच्या चाळीत राहत असताना एकानं त्यांच्याकडे पत्र वाचायला आणून दिलं. दादांना ते वाचता येईना, आणि ते मनाला फार लागलं. मग वस्तीतल्या एका मास्तरांकडून ते बाराखडी शिकले आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं पक्की केली. १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर त्यांनी पहिलं विडंबनगीत रचलं. तिथून पुढे साठ वर्षं लेखणी आणि आवाज थांबला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गावोगाव न्यायचा, हा त्यांचा ध्यास. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

आता ही गाणी एवढी पसरली कशी, ते समजून घेऊ. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा. तो तसाच ठेवून त्यात शिक्षण, सावकारी, भटशाही हे विषय घातले. पुढे भीमराव कर्डक वगैरे मंडळींनी आंबेडकरी जलसे गाजवले. वामनदादा त्याच वाटेनं आले, पण त्यांनी भर दिला तो सुट्या गाण्यावर. जलशाला मोठा संच लागतो. गाण्याला पेटी, ढोलकी आणि साथीला चार गळे असले की भागतं. चाल बहुतेक वेळा लोकांच्या तोंडात बसलेली. म्हणजे शिकायला वेळ लागत नाही, एका रात्रीत गाणं शेजारच्या गावाला पोचतं. शब्द घरातले आणि शेतातले. सभेला न येणारी आयाबाईसुद्धा जात्यावर, खुरपताना ते म्हणू लागली.

या गाण्याची बांधणी पाहा. आधी धृपद, मग तीन-चार कडवी, आणि शेवटच्या कडव्यात कवीचं नाव. ‘तुका म्हणे’सारखीच ही नाममुद्रा. शेताच्या बांधाला जसा दगड, तसं गाण्याला हे नाव. गाणारे घाईत शेवटचं कडवं गाळतात, तिथंच मालकी पुसली जाते. जो माणूस मोठेपणी अक्षर शिकून आपलं नाव लिहू लागला, त्याचंच नाव आपण गाळावं, हे बरं नव्हे.

बेण्याचं आपल्याला माहीत आहे. घरचंच बेणं वर्षानुवर्षं लावत गेलं की काणी येते, गवताळ वाढ शिरते, जातीत भेसळ होते. म्हणून मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्या ठेवल्या. गाण्याचंही तसंच. दादांचे छापील संग्रह आहेत: ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७). हे मूलभूत बेणं समजा. पण त्यांनी हजारो गाणी रचली, आणि त्यांतली कितीतरी गावच्या वह्यांत आणि म्हाताऱ्या गळ्यांतच राहिली. तो गळा गेला की बेणं संपलं.

म्हणून सभासदांना आमच्या सूचना:

१) वही फडताळात ठेवू नका. कोरड्या जागी, पत्र्याच्या पेटीत ठेवा.

२) गाणं उतरवताना धृपदापासून नाममुद्रेपर्यंत पुरं उतरवा. कुठल्या चालीवर आहे आणि कुणाकडून मिळालं, तेही लिहा.

३) शब्द ‘शुद्ध’ करू नका. बोलीतला शब्द आहे तसाच राहू द्या.

४) घरातल्या जुन्या गायकाचं गाणं मोबाईलवर भरून घ्या. आज-उद्या करू नका.

५) जयंतीला गाणं म्हणण्याआधी कवीचं नाव सांगा. ‘पारंपरिक’ हा शब्द खात्री असल्याशिवाय वापरू नका.

दरवर्षी एप्रिलमध्ये गळीत हंगाम उरकत आलेला असतो आणि गावोगाव जयंतीची पेटी-ढोलकी वाजू लागते. दादांचे चाहते त्यांना ह्याच दिवसांत आठवतात. कुणी फोटोला हार घालतो, कुणी रात्रभर गातो. गाण्यासोबत नावही घेतलं, तर ती आठवण पुरी झाली.

ज्यांच्याकडे अशी वही असेल, त्यांनी ती आपल्या गट ऑफिसात आणावी. समोरच झेरॉक्स काढून वही लगेच परत देऊ. त्या बाबांची वही आम्ही अशीच उतरवून घेतली. नातवानं ‘पारंपरिक’वर काट मारून स्वतःच्या हातानं ‘वामनदादा कर्डक’ असं लिहिलं.

ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग