किल्ल्यासारखं चर्च, तळघरातली संघटना आणि पदक मिळवणारं संत्रं

होनोलुलूच्या मकीकी भागात एक चर्च आहे. लांबून बघणाऱ्याला तो जपानी किल्लाच वाटतो. पांढऱ्या भिंती, एकावर एक चढत गेलेली वळणदार छपरं. १९३२ साली बांधलेल्या या चर्चचा मनोरा जपानमधल्या कोची किल्ल्यावर बेतला आहे, कारण संस्थापक रेव्हरंड ताकिए ओकुमुरा मूळचे कोचीचे! १८९४ मध्ये ते हवाईत आले, उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आपल्या देशबांधवांमध्ये काम करायला. दोनच वर्षांत त्यांनी तिथल्या जपानी मुलांसाठी भाषेची शाळा काढली आणि वसतिगृहही सुरू केलं.

प्रशांत महासागर ओलांडून गेलेल्या चिनी आणि जपानी माणसांच्या इतिहासात मिशनं अशी ठिकठिकाणी भेटतात. मिशनऱ्यांना माणसं ख्रिस्ती व्हायला हवी होती. येणाऱ्यांना हवं होतं इंग्रजी, औषधपाणी, डोक्यावर छप्पर आणि सरकारदरबारी आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी. बहुतेकांनी धर्म बदललाच नाही. पण या देवघेवीतून जे उभं राहिलं, ते भलतंच रंगतदार आहे.

चौघांचं चर्च

सॅन फ्रान्सिस्कोत १८५३ मध्ये चिनी लोकांसाठी प्रेस्बिटेरियन चर्च सुरू झालं, तेव्हा त्याचे सभासद होते अवघे चार, आणि तेही चीनमध्येच ख्रिस्ती झालेले. ते उभारणारे विल्यम स्पीअर आधी कँटनमध्ये मिशनरी होते, त्यामुळे त्यांना कँटनी बोली येत होती. त्यांनी दवाखाना उघडला, १८५५ मध्ये चिनी आणि इंग्रजीत ‘द ओरिएंटल’ हे वृत्तपत्र काढलं आणि सोन्याच्या खाणीतल्या परदेशी मजुरांवर लादलेल्या कराविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाकडे दाद मागितली. मिशन आलं की छापखाना येतो, हे आपल्याला नवं नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचा ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्येच निघाला होता.

आपल्याशी जोडणारा आणखी एक धागा आहे. अमेरिकन मराठी मिशन ज्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेचं, त्याच संस्थेचे मिशनरी चार्ल्स हेगर यांनी हाँगकाँगमध्ये एका तरुण विद्यार्थ्याला बाप्तिस्मा दिला. हा मुलगा थोरल्या भावाकडे हवाईत राहून होनोलुलूच्या इओलानी या अँग्लिकन शाळेत शिकून आला होता. त्याचं नाव सुन यत्-सेन, चिनी प्रजासत्ताकाचे पुढचे संस्थापक!

पाळक झाला संपादक

हेच सुन यत्-सेन १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात अडकले. अधिकारी त्यांना उतरू देईनात. त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत होते ङ पून च्यू. किशोरवयात, १८८१ मध्ये ते कॅलिफोर्नियात आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला. ङ यांनी १८९२ मध्ये धर्मशास्त्राचं शिक्षण पुरं केलं, प्रेस्बिटेरियन पाळक झाले आणि १९०० मध्ये ‘चुंग साय यत् पो’ हे चिनी दैनिक सुरू केलं. पाय बांधण्याच्या प्रथेवर टीका, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार, चिनी मजुरांना दार बंद करणाऱ्या कायद्यांचा समाचार, सगळं त्यात असे. व्याख्याते म्हणून ते इतके गाजले, की लोक त्यांना ‘चिनी मार्क ट्वेन’ म्हणू लागले.

९२०, सॅक्रॅमेंटो स्ट्रीट

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या या पत्त्यावरची गोष्ट सगळ्यात थरारक, आणि माझ्या मते सगळ्यात गुंतागुंतीची. वेश्याव्यवसायात किंवा घरकामाच्या गुलामीत विकल्या गेलेल्या चिनी मुलींसाठी प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १८७४ मध्ये मिशन होम सुरू केलं. डोनाल्डिना कॅमेरन तिथे १८९५ मध्ये शिवण शिकवायला आल्या आणि पुढे १९३४ पर्यंत त्यांनी ते चालवलं. पोलिसांना घेऊन छापे घालायचे, छपरांवरून जायचं, दारं फोडायची, असा त्यांचा खाक्या. १९०६ च्या भूकंपानंतर शहर पेटलं, तेव्हा त्या मुलींना सुखरूप हलवून पुन्हा त्या इमारतीत शिरल्या, ताब्याचे कागद आणायला. ते जळले असते, तर मुलींवर पुन्हा मालकी सांगायला ‘मालक’ मोकळे होते.

पण घराची शिस्त कडक होती. शिवणकाम, प्रार्थना, ख्रिस्ती वराशी लग्न, अशी वाट आखलेली. ती न मानवल्याने काही मुली पळूनही गेल्या. म्हणून एकट्या कॅमेरनबाईंना नायिका करणं मला पटत नाही. त्यांना दुभाषी म्हणून साथ देणाऱ्या तिएन फू वू यांना वडिलांनीच विकलं होतं. त्या लहान असताना या घरात आल्या आणि पुढे आयुष्यभर इतरांना सोडवत राहिल्या.

आणि ताई लिआंग! ठरवलेलं लग्न टाळून ती मुलगी या घरात आली. १९१० मध्ये एंजल बेटावरच्या स्थलांतर केंद्रात तिला दुभाषी आणि मेट्रनची मदतनीस म्हणून नोकरी लागली. १९१२ मध्ये तिने मत दिलं. अमेरिकेत मतदान करणारी ती पहिली चिनी वंशाची स्त्री मानली जाते. पुढच्या वर्षी तिने गोऱ्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. कॅलिफोर्नियात असं लग्न बेकायदा, म्हणून दोघं वॉशिंग्टन राज्यात गेली. परत आल्यावर दोघांनाही नोकरी गमवावी लागली.

दोन पिंपं साके

अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची जपान्यांची पहिली संघटना १८७७ मध्ये जन्मली, तीही चिनी लोकांसाठी असलेल्या मेथडिस्ट मिशनच्या तळघरात! नाव ‘फुकुइनकाई’. तिथे बायबलही होतं आणि इंग्रजीचे वर्गही. या गटातले कानइची मियामा दहा वर्षांनी हवाईत गेले आणि तिथे जपानचे वाणिज्यदूत तारो आंदो ख्रिस्ती झाले. आंदो यांना मित्राकडून साकेची दोन पिंपं भेट आली, तेव्हा त्यांच्या पत्नीने ती सरळ ओतून दिली. आंदो पुढे जपानच्या दारूबंदी चळवळीचे पुढारी झाले.

संत्र्याचा जादूगार

मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्सच्या बुटांच्या कारखान्यात १८७० मध्ये संप मोडण्यासाठी ७५ चिनी कामगार आणले गेले. पुढे तिथे आलेल्या लू गिम गोंग या पोराला संडे स्कूलच्या शिक्षिका फॅनी बर्लिंगेम यांनी मुलासारखं सांभाळलं. थंडी सोसेना म्हणून तो फ्लोरिडातल्या डीलँडला गेला आणि तिथे त्याने पिकूनही महिनोन् महिने झाडावर टिकणारं संत्रं तयार केलं. १९११ मध्ये त्याला मानाचं वाइल्डर पदक मिळालं.

छप्पन्न फेऱ्या

१९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं गेलं. सिअ‍ॅटलच्या जपानी बाप्टिस्ट चर्चचे गोरे पाळक एमरी अँड्र्यूज यांनी मंडळींचं सामान चर्चच्या व्यायामशाळेत ठेवलं, स्वतः कुटुंबासह आयडाहोत मिनिडोका छावणीजवळ जाऊन राहिले आणि लोकांच्या वस्तू पोचवायला सिअ‍ॅटलच्या ५६ फेऱ्या केल्या. ‘जपान्यांचा मित्र’ म्हणून त्यांना भाड्याच्या घरातून काढलं गेलं, तरी फेऱ्या थांबल्या नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या जपानी स्त्रियांची लढाई त्याहून लांबली. त्यांनी पैसे जमवून वायडब्ल्यूसीएची इमारत उभारली. आराखडा ज्युलिया मॉर्गन यांचा, साल १९३२. पण जपानी स्थलांतरितांना जमीन घ्यायला कायद्याने बंदी, म्हणून जागा शहराच्या वायडब्ल्यूसीएच्या नावावर, विश्वस्त या नात्याने ठेवली. १९९० च्या दशकात ती विकायला निघाली, तेव्हा जपानी-अमेरिकन चर्चच कोर्टात गेली. २००२ मध्ये तडजोड झाली आणि जपानटाउनच्या एका बालसंगोपन संस्थेने ती इमारत विकत घेतली.