हिमवादळ इंचांत मोजता येतं का?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मार्च 1888 च्या हिमवादळात 21 इंच बर्फ नोंदला गेला. जानेवारी 2016 मध्ये तिथेच 27 इंचांहून जास्त पडला. तरीही दंतकथा झाली ती 1888 च्या वादळाची. त्यातून वाचलेल्यांनी 1929 मध्ये त्या आठवणी जपायला चक्क एक मंडळ काढलं! माझ्या मते लोकांची ही स्मृती चुकीची नाही, कारण बर्फाची जाडी म्हणजे वादळाचा फक्त एक पैलू. 1888 मध्ये सोसाट्याच्या वाऱ्याने बर्फाचे प्रचंड ढीग रचले, उन्नत रेल्वेमार्गावरच्या गाड्या अडकल्या, तारा तुटल्या आणि ईशान्य अमेरिकेत सुमारे 400 जण दगावले.

यावर आक्षेप येतो की आठवणी फुगत जातात. ‘बर्फ दुसऱ्या मजल्यापर्यंत होता’ हे कसं मानायचं? शंका रास्त आहे. म्हणूनच अशा आठवणी छायाचित्रांशी आणि वृत्तपत्रांशी ताडून पाहायला हव्यात. पण 21 इंच ही सपाटीवरची मोजणी आहे, तर माणसांना आठवतात ते भिंतींना टेकलेले ढीग, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. दुसरा आक्षेप असा की तेव्हाचं शहर बेसावध होतं, मग तुलना कशी करायची? पण वादळाची झळ तयारीवरच ठरते. त्या अनुभवानंतरच तारा जमिनीखाली नेण्याला आणि भुयारी रेल्वेच्या मागणीला जोर आला. 1904 मध्ये ती रेल्वे धावू लागली. म्हणून आकड्यांसोबत आठवणीही जपा. पुढच्या वादळाची तयारी करायला दोन्ही लागतात.